एकीला माहेरी धाडा

माझी बायको रामबाई आणि माझी सून स्वीटी, या दोघींचं माहेर एकच. स्वीटी ही रामबाईच्या सख्ख्या भावाची मुलगी. आम्हा गोंड लोकांत मामाची मुलगी करायची चाल आहे, त्यामुळे रोशनसाठी मुलगी शोधायला मला फार हिंडावं लागलं नाही. रोशन माझा मुलगा. तो जामच्या चौकात टायरच्या दुकानात काम करतो, तिथंच राहतो आणि सुटी मिळाली की आंजीला घरी येतो.

माहेर एकच असल्यानं आमच्या घरात एक अडचण होती. घरी बकऱ्या आहेत, चूल आहे, आणि मी आहे. दोघी एकदम माहेरी गेल्या तर तिघांचेही हाल. म्हणून स्वीटी लग्न होऊन आली त्याच वर्षी रामबाईनं नियम केला की एका वेळी एकीनंच जायचं. पहिली परत आल्याशिवाय दुसरीनं पिशवी भरायची नाही. ते गाव कारंजाकडे आहे, फार लांब नाही, पण सासू-सून नंबर लावून जायच्या. कुणाचा नंबर आहे यावरून भांडायच्या सुद्धा. रामबाई म्हणायची, "मी मोठी हाय, माया नंबर आधी." स्वीटी म्हणायची, "तुमचं माहेर जुनं झालं आत्या, माझं अजून नवं हाय." आणि घर तेच, अंगण तेच.

हा नियम आधी सांगून टाकला, कारण स्वीटीचं बीजगणित त्यावरच उभं होतं.

स्वीटीचा दहावीचा एक विषय राहिला होता. गणित. बाकी सगळ्यात पास, गणितात थोडक्या गुणांनी गेली. मग लग्न झालं आणि तो विषय तसाच राहिला. तिला नर्स व्हायचं होतं. रामबाईला हे कळलं तेव्हा ती मला म्हणाली, "माया भाचीचा एकच विषय राह्यला आन तुमी सगळे गप बसून हा?" जसं काही गणित मीच अडवून ठेवलं होतं.

गावात मधुकरराव म्हणून निवृत्त मास्तर आहेत. त्यांच्याकडे सकाळची शिकवणी लावली. पण रामबाईची एक अट होती. सर जे शिकवतील ते संध्याकाळी चुलीजवळ बसून तिला वाचून दाखवायचं. रामबाई शाळेत गेलेली नव्हती. हिशेब गोंडीत करायची, तोही बोटांवर. स्वीटीनं विचारलं, "तुमाले काय समजीन आत्या?" तर म्हणे, "मले समजलं तं समजजो का तुले आलं."

मी स्वतः सातवी शिकलो. जन्म गेला जंगलखात्यात रोजंदारीवर, रोपं लावणं, वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा काढणं. मी खाटेवर पडून ऐकायचो.

तो पहिला दिवस मला आठवतो. स्वीटीनं वाचलं, दोन एक्स अधिक तीन वाय बरोबर तेरा. दोन एक्स अधिक वाय बरोबर सात. रामबाई भाकरी थापत होती.

"हे एक्स आन वाय कोन हायेत वं?"

"अनोळखी संख्या हायेत आत्या. त्या किती ते आपल्याले माहीत नाई."

"दोनी अनोळखी?"

"दोनी."

"मंग त्यायले घरात कायले घेतलं?"

स्वीटी हसायला लागली. रामबाई हसली नाही. भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "असं नाई समजत मले. एक्स म्हंजे तू, वाय म्हंजे मी. आन बरोबरच्या पुढं भाकरी. आता वाच."

स्वीटीनं वाचलं, "पहिल्या दिवशी दोन स्वीटी आन तीन रामबाई मिळून तेरा भाकरी खातेत. दुसऱ्या दिवशी दोन स्वीटी आन एक रामबाई मिळून सात."

"स्वीट्या दोनी दिवशी दोनच?"

"हो."

"मंग सोपं हाय. धाड तिले माहेरी."

"कोनाले?"

"स्वीटीले. दोघी घरात असल्या तं कोन किती खाते कसं समजीन? एकीले धाडलं का दुसरीचं समजते. दोनी दिवशीच्या धाड मातर. एका दिवशीची धाडली आन एका दिवशीची ठेवली तं भांडन होईन."

स्वीटीनं पहिल्यातून दुसरं वजा केलं. स्वीट्या गेल्या. तीन रामबाईंतून एक गेली, दोन उरल्या. तेरा भाकरींतून सात गेल्या, सहा उरल्या.

"दोन रामबाई सहा भाकरी खातेत," ती म्हणाली.

"म्हंजे एक?"

"तीन."

रामबाईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि विचार केला. "मी तीन भाकरी खातो का वं?"

"गनितात खाता आत्या."

"गनितातच नाई, घरी बी," मी खाटेवरून म्हणालो.

"तुमी गप राहा जी. तुमी तं या गनितात कुठंच नाई."

मी कूस बदलली. रामबाई म्हणाली, "आता स्वीटीले परत आन."

"राहू द्या न दोन दिवस माहेरी."

"कामं पडून हायेत. आन."

स्वीटीनं तीन ही संख्या दुसऱ्या ओळीत नेऊन ठेवली. दोन स्वीटी आणि एक रामबाई मिळून सात. रामबाईच्या तीन काढल्या, चार राहिल्या. दोघींत चार, तर एकीला दोन. रामबाई म्हणाली, "पाह्य, बिचारी दोनच खाते." त्या संध्याकाळी स्वीटीच्या ताटात तिसरी भाकरी पडली आणि ती खाईपर्यंत रामबाई उठली नाही.

पुढे गणितं अवघड झाली. एका ओळीत तीन एक्स असायचे, दुसरीत पाच. रामबाई म्हणाली, आधी सारखे कर. सारखे केल्याशिवाय धाडलं तर एखादी मागं राहूनच जाते. स्वीटीनं सकाळी हे मधुकररावांना सांगितलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. ते म्हणाले, "पुस्तकात याला चलाचा लोप करणं म्हणतात. पण तुझ्या सासूचं चालू दे."

अशा रीतीनं तो धडा झाला. आमच्या घरात रोज संध्याकाळी कुणीतरी माहेरी जायचं आणि जेवणाआधी परत यायचं.

पूस महिन्यात, म्हणजे पौषात, स्वीटीच्या वडिलांकडे पेनपूजा होती. पेन म्हणजे आमचा कुळाचा देव. नंबर स्वीटीचा होता. पण त्याच दिवशी मधुकररावांनी सराव पेपर ठेवला. रामबाई म्हणाली, "तू पेपर दे, मी जातो. पुढचे दोनी नंबर तुये." तिनं हिरवं लुगडं नेसलं, बकरीच्या दुधाचा खवा डब्यात घेतला आणि सकाळच्या गाडीनं गेली. पूजा झाली, जेवणं झाली. अंगणात खाटेवर भावाशी बोलत बसली होती, बोलता बोलता एका कुशीवर कलली. मला फोन आला तेव्हा मी बकऱ्यांना पाला टाकत होतो. याच्यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

मार्चची परीक्षा स्वीटीनं दिली नाही. दिली असती तरी काय लिहिलं असतं! रोशननं जूनच्या पुरवणी परीक्षेचा अर्ज भरला. मला म्हणाला, "बाबा, आईची एवढी एक गोष्ट पुरी होऊ द्या." स्वीटी पुन्हा शिकवणीला जायला लागली. घरचं सगळं तिच्या अंगावर पडलं होतं, तरी ती बसायची. मला वाटलं, ठीक चाललं आहे.

मे महिन्यात एकदा मधुकररावांनी मला गावातल्या दुकानासमोर थांबवलं.

"पुनाजी, तुमची सून अर्धं उत्तर लिहिते."

"म्हंजे जी?"

"दोन संख्या शोधायच्या असतात. ही एक शोधते, खाली रेघ मारते आणि पुढच्या गणिताकडे जाते. प्रत्येक वेळी. दुसरी संख्या काढतच नाही."

"येत नसन."

"येते हो! मी समोर बसून 'पुढे' म्हटलं की करते. झटकन करते. एकटी असली की सोडते. आधी असं करत नव्हती." त्यांनी चष्मा काढला. "या धड्यावर भरपूर गुण असतात. अर्ध्या उत्तराला अर्धे गुण. मागच्या खेपेला ती थोडक्यात गेली. असंच लिहिलं तर परत थोडक्यात जाईल. आणि परीक्षेत मी समोर बसणार आहे का?"

घरी आलो. जेवताना विचारलं, "काऊन वं पोरी, सर म्हनते तू उत्तर अर्धं सोडून देतं."

"घाई होते मामाजी."

घाई कशी असते ते मला माहीत आहे. ती गणित सोडवताना मी पाहिलं होतं. एक उत्तर आलं की ती पेन तसंच धरून बराच वेळ बसायची आणि मग पान उलटायची. ती घाई नव्हती. पण सुनेला सासऱ्यानं किती विचारावं यालाही माप असतं. रामबाई असती तर तिनं दोन शब्दांत काढून घेतलं असतं.

मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी पुस्तक उघडलं. ती नदीवर कपडे धुवायला गेली की मी चष्मा लावून बसायचो. सातवीपर्यंतचं गणित पार विसरलो होतो. अक्षराशेजारी आकडा लिहिला की गुणाकार समजायचा, हेसुद्धा मला आठवेना. एके दिवशी ती लवकर परत आली.

"काय करून राह्यले मामाजी?"

"गनित."

"कायले?"

"वेळ जात नाई."

तिनं माझी वही पाहिली. "बाप्पा! हे काय केलं? एक्स दोन आला तं दोन एक्स म्हंजे बावीस नाई. दोन वेळा एक्स."

"मंग तसं लिहावं न त्यायनं."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. बादली ठेवून माझ्यासमोर बसली, ओले हात पदराला पुसले आणि म्हणाली, "आना इकडं. मी सांगतो."

त्या दिवसापासून मी तिचा विद्यार्थी झालो. दुपारी बकऱ्या निंबाखाली बसल्या की आमची शाळा. ती चांगली शिकवायची. मी चुकलो की रागवायची नाही, पण "मधुकरराव असते तं तुमाले बाकावर उभं केलं असतं" असं म्हणायची. मी म्हणायचो, "बाक आन मंग, उभा राह्यतो." शिकवतानाही ती एकच संख्या काढायची. एक्स आला की रेघ. मी काही बोलत नव्हतो. मलाच पहिला अर्धा भाग नीट येत नव्हता, दुसरा मागून काय करणार!

मग एका दुपारी मला पहिला अर्धा भाग आला. गणित होतं, तीन एक्स अधिक दोन वाय बरोबर सोळा. एक्स अधिक दोन वाय बरोबर आठ. वाय दोन्हीकडे सारखे होते. मी त्यांना धाडलं. दोन एक्स बरोबर आठ उरलं. एक्स बरोबर चार. मी वर पाहिलं.

"बरोबर," स्वीटी म्हणाली आणि तिनं रेघ मारली.

"आन वाय?"

"होईन नंतर."

"नंतर कवा?"

तिनं पान उलटायला घेतलं.

"परीक्षेत बी नंतरच का?"

तिनं पेन खाली ठेवलं. एक बकरी पुस्तकाकडे तोंड करत होती, तिला ढकललं. मग माझ्याकडे न पाहता बोलली. "मामाजी, मले ते होतच नाई. एकीले धाडली का तिथंच हात थांबते. परत आन, असं मनात येते, आन मंग..." ती थांबली. "माया नंबर होता."

"कोनता नंबर?" मला कळलं होतं, तरी विचारलं.

"पुसातला. मी जाची होती. मी पेपरले राह्यली आन आत्या गेल्या."

एवढे महिने ती हे घेऊन बकऱ्या चारत होती, भाकरी करत होती, मला वाढत होती. मी त्याच घरात होतो.

मी म्हणालो, "तिनं तुले कोंडून ठेवलं असतं, पन पेपर बुडू देल्ला नसता."

"तरी बी."

"तिचं तिनं ठरोलं. तिनं कोनाचं ऐकलं का कवा? मायं तं आयुष्यात नाई ऐकलं."

"तरी बी मामाजी."

मला अशा वेळी काय बोलावं ते कधीच जमलं नाही, बोलायचं काम रामबाईचं होतं. स्वीटीच्या डोळ्यांतून पाणी जात होतं आणि मी हातात पेन्सिल घेऊन बसलो होतो. काहीतरी करावं म्हणून म्हणालो, "बरं, राहू दे. वाय मी काढतो."

पुस्तकात लिहिलं होतं की मिळालेली संख्या समीकरणात ठेवायची. माझ्यासमोर शेवटची ओळ होती, दोन एक्स बरोबर आठ. मी एक्सच्या जागी चार ठेवले. दोन चोक आठ. आठ बरोबर आठ. मी पुन्हा केलं. पुन्हा आठ बरोबर आठ. चूक कुठंच दिसत नव्हती, पण वायचा पत्ता नव्हता. मी तिसऱ्यांदा लिहायला घेतलं तेव्हा स्वीटीनं नाक पुसून वहीत डोकावलं.

"काय करता?"

"वाय शोधून राह्यलो. सापडत नाई."

"मामाजी, या ओळीत कसा सापडीन? इथून तं आपनच काढला न त्याले."

"मंग कुठं पाहू?"

"वरच्या ओळीत पाहा. जिथं दोघं हायेत."

हे ती रोजच्या आवाजात बोलली, जशी मला दोन एक्स शिकवताना बोलायची. बकरीनं तेवढ्यात वहीचा कोपरा खाल्ला.

मग तिनंच पेन्सिल माझ्या हातातून घेतली. "एक्स अधिक दोन वाय बरोबर आठ. इथं एक्सच्या जागी चार ठेवा. आठातून चार गेले?"

"चार."

"दोन वाय म्हंजे चार. एक वाय?"

"दोन."

"दोन," ती म्हणाली आणि लिहिलं. वाय बरोबर दोन. "कोनी कोनाले बोलवून आनलं नाई मामाजी. एक्स आपल्या जागी जाऊन बसला, तं वाय किती होता ते दिसलं."

"हो," मी म्हणालो. "ताळा घे."

तिनं पहिल्या ओळीत दोन्ही आकडे ठेवून पाहिले. तीन चोक बारा आणि दोन दुणे चार. सोळा. ताळा जमला.

एका दुपारीत माणूस बरं होत नाही. दुसऱ्या दिवशी तिनं दोन्ही संख्या काढल्या, कारण मला शिकवायचं होतं. मला मुद्दाम चुकायची गरज नव्हती, मी आपोआप चुकत होतो आणि तिला शेवटपर्यंत यावंच लागायचं. पण परीक्षेच्या आधी मधुकररावांनी तिला एकटीला खोलीत बसवून पेपर दिला, त्यात तिनं एका गणिताचं उत्तर पुन्हा अर्धं सोडलं. बाकीची पुरी केली होती. मधुकरराव मला म्हणाले, "सांगता येत नाही पुनाजी. त्या दिवशी तिचं मन कसं असेल त्यावर आहे." त्यांनी खोटा धीर दिला नाही, हे मला आवडलं. पण रात्री मला झोप आली नाही.

केंद्र वर्ध्याला होतं. बीजगणिताच्या पेपराला रोशनला सुटी मिळाली नाही, म्हणून मी गेलो. स्वीटीनं दोन पेनं, ओळखपत्र आणि पाण्याची बाटली पिशवीत घेतली. फाटकातून आत जाताना मी म्हणालो, "सावकाश लिहिजो." ती म्हणाली, "तुमी उन्हात नोका बसू."

फाटकाबाहेर झाडाखाली बरेच लोक बसले होते. शेजारी सिंदी मेघेच्या शकुबाई नावाच्या बाई होत्या. त्यांचा भाऊ आत होता. त्यांनी मला शेंगदाणे दिले.

"नात हाय का तुमची?"

"सून."

"सून? आन तुमी घेऊन आले?"

"हो."

"बाप्पा! माया सासऱ्यानं मले बाजारात बी नाई नेलं कवा." मग थोडं थांबून म्हणाल्या, "सासूबाई नाई आल्या?"

"नाई," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि उरलेले शेंगदाणे माझ्या हातात ओतले.

घंटा झाली तशी पोरं ओरडत बाहेर आली. स्वीटी शेवटच्या काहींत होती. चेहऱ्यावरून काही समजेना. मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. चालत स्टँडवर आलो, आर्वीची गाडी लागली होती, जागा मिळाली. गाडी सुटल्यावर तिनं पिशवीतून प्रश्नपत्रिका काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. एका गणिताला पेनानं खूण केली होती.

"हे सोडवा."

"इथं? गाडीत?"

"हो. आन मले सांगा काय आलं ते."

"तू लिहिलं का पुरं?"

"तुमी आधी सोडवा न जी."

चार एक्स वजा तीन वाय बरोबर सहा. दोन एक्स अधिक पाच वाय बरोबर सोळा. मी तिचं पेन घेतलं आणि प्रश्नपत्रिकेच्या मागच्या बाजूला सुरू केलं. गाडी हलत होती, आकडे वाकडे येत होते. आधी सारखे करायचे. दुसऱ्या ओळीची दुप्पट केली, चार एक्स अधिक दहा वाय बरोबर बत्तीस. एक्स धाडले. उरले सात वाय आणि सव्वीस. सव्वीसला सातनं भाग जाईना. मी दोनदा पाहिलं.

"पेपरच चुकीचा काढला त्यायनं," मी म्हणालो.

"पेपर बरोबर हाय. तुमी पाहा."

"सात वाय बरोबर सव्वीस. आता सांग, भाग जाते का?"

"सात कुठून आले?"

"दहातून तीन गेले."

"वजा तीन होते न मामाजी. वजाबाकी करताना खालच्या ओळीचं चिन्ह बदलावं लागते. किती वेळा सांगू? वजा तीन आन वजा दहा."

"वजा तेरा."

"आन तिकडं?"

"सहातून बत्तीस. वजा सव्वीस." मला एकदम दिसलं. "तेरा दुणे सव्वीस. वाय दोन!"

पुढच्या सीटवरच्या माणसानं वळून पाहिलं. मी आवाज कमी केला. आता एक्स. वर दुसऱ्या ओळीत गेलो, जिथं दोघं आहेत. दोन एक्स अधिक दहा बरोबर सोळा. दोन एक्स सहा. एक्स तीन. ताळा घेतला. बारातून सहा गेले, सहा. जमला.

"एक्स तीन, वाय दोन," मी म्हणालो आणि तिच्याकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर पाहत होती.

"मी बी हेच लिहून आली."

"दोनी?"

"दोनी. सगळ्या गनितात दोनी. एका जागी थांबली होती थोडी. मंग लिहिलं."

मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मग परत काढली, कारण तिला मधुकररावांना दाखवायची होती. तिनं मला दुसरं गणित दाखवलं, मी तेही सुरू केलं, आणि त्यातही चिन्ह चुकलो. ती मला रागवत होती तेवढ्यात कंडक्टर आला.

"काऊन हो आजोबा, आंजीचं तिकीट हाय न तुमचं?"

"हो."

"आंजी गेली मांगं. मी तीन वेळा आवाज देल्ला. काय वाचून राह्यले एवढं?"

"गनित," स्वीटी म्हणाली.

कंडक्टरनं कपाळाला हात लावला आणि घंटी मारली. पुढच्या फाट्यावर आम्ही उतरलो. परत जाणारी गाडी केव्हा येईल याचा भरवसा नव्हता, म्हणून पायी निघालो. ऊन चांगलं तापलं होतं. दोन्हीकडे पेरणीसाठी वखरलेली रानं होती. स्वीटी भराभर चालत पुढे जायची, मग थांबायची, मी जवळ आलो की परत भराभर चालायला लागायची.

असंच एकदा थांबून ती म्हणाली, "मामाजी, मी पास होईन."

"होशीन," मी म्हणालो. "पन हळू चाल."